रेगेबाईंचं नाक

रेगेबाईंना कुणी काकू म्हटलेलं चालत नसे. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमध्ये पन्नाशीपुढची कुठलीही मराठी बाई दिसली की आमच्या पिढीच्या तोंडून आपोआप 'काकू' निघायचं. मग ती शास्त्रज्ञ असो, नाहीतर मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेली असो. क्लिनिकमध्ये एखादा सॉफ्टवेअरवाला "काकू, ॲक्चुअली थोडा खोकला येतोय" म्हणून सुरू झाला की बाई चष्म्यावरून त्याच्याकडे बघायच्या.

"माझे मिस्टर तुमच्या वडिलांचे भाऊ होते का?"

तो गोंधळून नाही म्हणायचा.

"मग डॉक्टर म्हणा. खोकला कधीपासून?"

डॉ. निर्मला रेगे फुफ्फुसांच्या डॉक्टर होत्या. सत्तरच्या दशकात मुंबईहून आल्या, तेव्हा या भागात तंबाखूची शेतं होती आणि त्यांचे पेशंट तोंडात सिगरेट धरूनच दम लागतो म्हणून सांगायला यायचे. मग कंपन्यांचं रिसर्च पार्क वाढलं, तंबाखू गेला, आम्ही आलो. बाईंच्या मते पेशंटचा दर्जा घसरला. "ते निदान काय ओढतोय ते सांगायचे," त्या म्हणायच्या. "तुमच्या लोकांना विचारलं तर सगळे म्हणतात, आम्ही काहीच करत नाही."

मी २००३ साली त्यांच्याकडे लागले. नागपूरची एमएस्सी गुंडाळून ठेवून चार वर्षं नवऱ्याच्या व्हिसावर घरी बसले होते. ग्रीन कार्ड आल्यावर कॉलेजात एक कोर्स केला आणि श्वासाच्या चाचण्या घेणारी टेक्निशियन झाले. काम सोपं होतं. पेशंटला काचेच्या एका केबिनमध्ये बसवायचं, दार लावायचं, तोंडात नळी द्यायची आणि बाहेरून ओरडायचं, "फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून." जुन्या टेलिफोन बूथसारखी ती केबिन दवाखान्याच्या मधोमध उभी होती. आत बसलेल्या माणसाचा सगळा रुबाब दोन फुंकरीत उतरायचा. बाईंना ते बघायला आवडायचं असा माझा संशय आहे.

पहिल्या दिवशी मी आत पाऊल टाकलं आणि त्या खुर्चीतून न उठता म्हणाल्या, "काय लावलंयस?"

"काही नाही, डॉक्टर. सेंट वगैरे मी वापरतच नाही."

"मग तुझ्या अंगाला जाहिरातीतल्या गवताचा वास कशाला येतोय?"

कपडे वाळवायच्या मशीनमध्ये टाकायचे ते सुगंधी कागद. मी रोज एक टाकत होते. बाईंनी मला परत घरी पाठवलं. कपडे नुसत्या साबणाने धुऊन ये म्हणाल्या. दुपारी परत आले तेव्हा माझं नाव विचारलं. केतकी म्हटल्यावर म्हणाल्या, "नावातच वास आहे. तेवढा पुरे."

त्यांचं नाक भयंकर होतं. पेशंट दारात असतानाच त्याच्या घरात मांजर आहे, तळघरात ओल आहे, नवरा चोरून बिडी ओढतो, हे त्या सांगायच्या आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं. त्या नाकाचा त्यांना गर्व होता आणि तो त्या लपवत नसत. घराला वास असू नये, असं त्यांचं ठाम मत होतं. "घराला वास आला की समजावं, काहीतरी झाकलंय," त्या म्हणायच्या. आमच्या घरांविषयी त्यांना जेवढा तिरस्कार होता तेवढा मी दुसऱ्या कुणाच्या बोलण्यात ऐकला नाही. आणि खरं सांगायचं तर तो खोटा नव्हता. फोडणीचा वास येतो म्हणून शेजारचा अमेरिकन नाक मुरडेल या भीतीने आम्ही प्रत्येक भिंतीत एक सुगंधी प्लग खोचत होतो. व्हॅनिला, लॅव्हेंडर, समुद्राची झुळूक. समुद्र तिथून अडीच तासांवर. वर देवघरात उदबत्ती, बाथरूममध्ये पाइनच्या वासाचं औषध, आणि दाराबाहेर खरी पाइनची झाडं उभी असताना खिडक्या बारा महिने बंद, कारण एसी. कधी खोकला आला की त्याला एकच बाप, पोलन, म्हणजे हवेतले परागकण. वसंतात त्या झाडांची पिवळी भुकटी गाडीवर बसते ती दिसते, म्हणून नोव्हेंबरातल्या खोकल्यालाही पोलनच जबाबदार.

"पोलन म्हणजे यांचा राहू-केतू आहे," बाई म्हणायच्या.

एकदा एक जावई आपल्या सासूबाईंना घेऊन आला. मुलीच्या बाळंतपणासाठी सांगलीहून आलेली ती बाई पंधरवड्यापासून खोकत होती. रेगेबाई विचारत होत्या सासूबाईंना, उत्तर देत होता जावई. त्यांना पहिल्यापासून ॲलर्जी आहे, इथली हवा सूट होत नाही, पोलनचं ॲक्चुअली असं असतं की.

"तुम्ही जरा गप्प बसा. खोकतात त्या," बाई म्हणाल्या आणि खुर्ची सासूबाईंकडे वळवली. "बाथरूम कोण धुतं तुमच्याकडे?"

सासूबाईंनी आधी जावयाकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "मीच धुते. मुलीला वाकता येत नाही आता."

"कशाने धुता?"

"पांढऱ्या बाटलीतलं आणि निळ्या बाटलीतलं. एकाने पिवळेपणा जात नाही, म्हणून दोन्ही एकत्र टाकते. दार लावून घेते. पोटातल्या बाळाला वास नको."

एकात ब्लीच होतं, दुसऱ्यात ॲसिड. दोन्ही मिळून बंद बाथरूममध्ये क्लोरीन वायू तयार होत होता आणि ती बाई त्यात गुडघ्यांवर बसून फरशी घासत होती. रेगेबाई जावयाला म्हणाल्या, "इंजिनिअर आहात ना तुम्ही? केमिस्ट्री कितवीपर्यंत होती?" मग त्याला एक काम सांगितलं: उद्यापासून बाथरूम तुम्ही धुवायचं, एकाच बाटलीने, दार उघडं ठेवून. त्याचा चेहरा असा झाला की त्यापेक्षा त्याने ऑपरेशन पत्करलं असतं. सासूबाई जाताना बाईंचा हात धरून काही म्हणणार होत्या. बाईंनी हात सोडवून घेतला. आभार त्यांना आवडत नसत.

अशा त्या बाई. त्यांच्यापुढे सगळेच मूर्ख असायचे आणि त्यांचं बरोबर निघायचं. म्हणून पुढचं सांगायला हवं, कारण एकदा त्यांचं बरोबर निघालं नाही.

आमच्या मराठी मंडळात सतीशराव गुप्ते नावाचे गृहस्थ होते. एकदा अध्यक्ष होऊन गेलेले, गणपतीत माइक न सोडणारे. टेलिकॉम कंपनीत मोठे मॅनेजर होते. २००१ साली त्या कंपन्या कोसळल्या, त्यात नोकरी गेली. तेव्हापासून ते 'बिझनेस'मध्ये होते. बिझनेस म्हणजे घरोघरी जाऊन एका कंपनीची उत्पादनं खपवायची आणि ज्याला खपवली त्यालाच खपवायला लावायचं. त्यातला हुकमी एक्का म्हणजे एक स्प्रे. त्याचं नाव मी लिहीत नाही. ती कंपनी आता नाहीच. सोफ्यावर, कार्पेटवर, गादीवर, बुटांवर मारायचा. मग त्यावर चहा सांडा, रस सांडा, डाग पडत नाही. डब्यावर हिरवं पान छापलेलं होतं आणि मुलांना, पाळीव प्राण्यांना निर्धोक असं लिहिलेलं होतं. सतीशराव ते पान बोटाने दाखवून म्हणायचे, "आपली संस्कृतीच स्वच्छतेची आहे. हा तर फक्त तिचा टेक्नॉलॉजिकल एक्स्टेन्शन." यावर मंडळातली दोन-दोन डिग्र्या घेतलेली माणसं माना डोलवायची.

मंदार आणि मृणाल त्यांच्या हाताखाली होते. पुण्याचं जोडपं, तिशीचं, सई नावाची चार वर्षांची मुलगी. मंदारची नोकरी चांगली होती. मृणाल व्हिसामुळे घरी होती आणि घरी बसून कंटाळली होती; म्हणून दर शनिवारी बायकांना चहाला बोलवायची आणि स्प्रेचं प्रात्यक्षिक दाखवायची. बायका कौतुकाने बघायच्या. निम्म्या विकत घ्यायच्या, कारण चहा प्यायल्यावर नाही म्हणणं आपल्यात जमत नाही.

२००५च्या ऑक्टोबरात मृणालला दम लागायला लागला. जिना चढताना थांबायची. ताप आला. फॅमिली डॉक्टरने पोलन म्हटलं, मग न्यूमोनिया म्हटलं. हॉस्पिटलमध्ये ठेवलं, ऑक्सिजन दिला, चार दिवसांत बरी झाली. घरी आली आणि आठवड्यात पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला तिथल्या डॉक्टरांनी रेगेबाईंना बोलावलं.

बाईंनी स्कॅन पाहिला. फुफ्फुसं घासलेल्या काचेसारखी धुरकट दिसत होती. जंतू सापडत नव्हते. बाई मला म्हणाल्या, "हॉस्पिटलात बरी होते, घरी आजारी पडते. म्हणजे आजार तिच्यात नाहीये, घरात आहे." हे अगदी बरोबर होतं. मग त्या मृणालच्या पलंगाजवळ खुर्ची ओढून बसल्या.

"घरात कसले कसले वास आहेत? सगळे सांग."

मृणालने विचार करून सगळं सांगितलं. प्लग, मेणबत्त्या, उदबत्ती, कापूर, फरशीचं औषध. काही लपवलं नाही.

शनिवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. घर नवं होतं, तशीच शंभर घरं ओळीने उभी असलेल्या वसाहतीत. दार उघडताच बाईंनी रुमाल नाकाला लावला. मंदार मागे मागे आणि बाई पुढे, अशी वरात प्रत्येक खोलीतून निघाली. बाई भिंतीतून प्लग उपटत होत्या आणि त्याच्या हातात देत होत्या. तो बिचारा 'स्पाइस्ड ॲपल' आणि 'ओशन ब्रीझ' छातीशी धरून उभा. तळघर नव्हतंच. ओल नव्हती, पक्षी नव्हते, बुरशी नव्हती. फक्त वास होता, भरपूर.

"हे सगळं गॅरेजमध्ये नाही, कचऱ्यात," बाई म्हणाल्या. "आणि ती घरी येईपर्यंत धूळ नको. गाद्या, सोफे, कार्पेट, सगळं नीट करून ठेवा. फुफ्फुस आधीच चिडलेलं आहे."

"हो डॉक्टर. नक्की करतो," मंदार म्हणाला. तो रडवेला झाला होता.

गाडीत बाई खुशीत होत्या. असल्या घरात माणूस आजारी पडला नाही तरच नवल, म्हणाल्या. रस्ताभर त्यांनी सुशिक्षितांवर तोंडसुख घेतलं आणि मीही हसत होते.

मृणाल मंगळवारी घरी आली. गुरुवारी ॲम्ब्युलन्समधून परत गेली. या वेळी ऑक्सिजनच्या मास्कने भागलं नाही. घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं.

त्या सकाळी बाई हॉस्पिटलातून क्लिनिकमध्ये आल्या आणि कोट न काढताच खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "चल. मंदार सईचे कपडे न्यायला घरी गेलाय. आपण पण जाऊ."

मंदारने दार उघडलं. दाढी वाढलेली, अंगात कालचाच शर्ट. घर स्वच्छ होतं. बाई हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि नाकाने श्वास घेतला. पुन्हा घेतला.

"कसलाच वास नाही," त्या म्हणाल्या. आनंदाने नाही.

"मी सगळं टाकलं, डॉक्टर. तुम्ही सांगितलं तसंच केलंय."

बाई सोफ्यावर बसल्या. त्या दिवशी त्या थकलेल्या दिसत होत्या. प्रथमच त्यांचं वय दिसलं. मंदारने पाणी आणलं. त्याने ग्लास पुढे केला तेव्हा बाईंचं लक्ष नव्हतं. ग्लास कलंडला, पाणी सोफ्यावर आणि तिथून कार्पेटवर पडलं.

मी टिपायला धावले, पण बाईंनी हात आडवा धरला. त्या वाकून बघत होत्या. पाणी कापडात शिरलंच नव्हतं. सोफ्यावर ते गोल गोल मणी होऊन उभं होतं. कार्पेटवरही तसंच, प्रत्येक थेंब वेगळा. बाईंनी एका थेंबाला बोटाने ढकललं. तो घरंगळत गेला आणि मागे ओलावासुद्धा राहिला नाही.

"हे काय लावलंय?"

"ते? तो स्प्रे आहे. सतीशकाकांचा." मंदारला प्रश्नाचा रोखच कळला नव्हता. "नॉन-टॉक्सिक आहे, डॉक्टर."

"कधी मारलात?"

"मृणाल दर शनिवारी डेमो करायची ना, तेव्हा ती मारायची. आणि आता तुम्ही धूळ नको म्हणालात. त्याच्यावर धूळ पण चिकटत नाही, म्हणून मी सगळीकडे मारला. इथे सोमवारी. बेडरूमची गादी आणि तिथलं कार्पेट राहिलं होतं, ते ती आल्यावर मंगळवारी संध्याकाळी केलं."

"ती कुठे होती तेव्हा?"

"तिथेच. खुर्चीत बसली होती. म्हणाली, कोपरे पण घे."

"खिडक्या?"

"बंद. हीट चालू होती."

बाईंनी विचारलं, "तुम्हाला नाही झालं काही?"

"थोडा खोकला आला. मला वाटलं पोलन."

इतर कुठल्याही दिवशी या वाक्यावर बाईंनी त्याची सालटी काढली असती. त्या दिवशी त्या फक्त म्हणाल्या, "मला याच्याबद्दल कुणी सांगितलं का नाही?"

मंदार खरंच विचारात पडला. मग म्हणाला, "तुम्ही वास विचारले होते. याला वास येतच नाही."

डबा लाँड्रीच्या फडताळात होता. बाईंनी तो पिशवीत घालून घेतला. तिथूनच विषबाधेच्या हेल्पलाइनला फोन केला, मग राज्याच्या आरोग्य खात्याला. फोनवर त्यांना कुणीतरी थांबवून ठेवलं तर त्या थांबल्या, हेही मी प्रथमच पाहिलं. परतताना गाडीत सुशिक्षितांचा विषय निघाला नाही.

नंतर त्यांनी मला समजावून सांगितलं. फुफ्फुसात आत बारीक बारीक फुगे असतात आणि त्यांना आतून पातळ ओला थर असतो. तो असतो म्हणून फुगे मिटून चिकटत नाहीत. पाणी झटकून टाकणारं द्रव्य अगदी बारीक तुषार होऊन आत गेलं की तो थर बिघडतो आणि फुगे मिटायला लागतात. "तो स्प्रे त्याचं काम चोख करतो," त्या म्हणाल्या. "कार्पेट कुठलं आणि माणूस कुठला, एवढंच त्याला कळत नाही."

कारण कळल्यावर उपचारांना दिशा मिळाली. मृणाल शुद्धीवर आली, नळी निघाली. बाई तिला बघायला गेल्या तेव्हा काही कागद द्यायला मी सोबत होते. तिचा आवाज पार बसला होता. बाई उभ्याच राहिल्या.

"मी तुला वास विचारला," त्या म्हणाल्या. "तू खरं सांगितलंस. माझा प्रश्न चुकला."

मृणालने मान हलवली. मग घोगऱ्या आवाजात विचारलं, "मंदारला कळलंय? की तो स्प्रे त्याने..."

"त्याला मी सांगितलंय की धूळ नको, कार्पेट नीट करा, हे मी बोलले होते. माझ्या सांगण्यावरून त्याने केलं. तूही त्याला तेवढंच सांगायचं."

त्यांनी 'सॉरी' म्हटलं नाही. पलंगाच्या पायथ्याची चादर सरळ केली आणि बाहेर पडल्या.

बाईंनी मग मंडळातल्या लोकांना फोन करायला सुरुवात केली. अजून दोन घरांतून दम लागल्याची, छाती भरल्याची माणसं निघाली. एका घराने कबूल केलं. दुसऱ्या घरातले गृहस्थ म्हणाले, "आमचं तसं काही नाही, डॉक्टर. आणि सतीशरावांचं नाव उगीच कशाला यात?" त्यांची बायको मागे खोकत होती, तो खोकला बाईंना फोनमधून ऐकू येत होता.

आठवड्याभरात सतीशराव स्वतः क्लिनिकमध्ये आले. ब्लेझर घालून, मिठाईचा डबा घेऊन. मी समोरच मशीन पुसत होते.

"ताई, मला फार वाईट वाटलं मृणालचं. आमच्या फॅमिलीसारखीच आहेत ती दोघं," ते म्हणाले. "पण हे हेल्थ डिपार्टमेंट वगैरे... आपण आधी आपापसात बोलायला हवं होतं. कम्युनिटीची बदनामी होते. आणि प्रॉडक्ट टेस्टेड आहे. डब्यावर स्पष्ट लिहिलंय."

"तुम्ही स्वतः वापरता?"

"ऑफ कोर्स. माझ्या सगळ्या घरात आहे."

"कोण मारतं?"

"पोरं मारतात कंपनीची. आम्ही तेव्हा बाहेर जातो."

बाईंनी टेबलाच्या खणातून तो डबा काढला आणि काचेच्या केबिनचं दार उघडलं. "बसा," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"टेस्टेड आहे ना? आत बसा, केतकी दार लावेल. तुम्ही दोनदा फवारा. मग आपण फुंकून बघू."

सतीशराव हसले. बाई हसल्या नाहीत. ते केबिनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "असं नाही करत, ताई. त्याला व्हेंटिलेशन लागतं."

"हे त्या मुलीला सांगितलं होतंत?"

"ते इन्स्ट्रक्शन्समध्ये असतंच. बारीक अक्षरात असतं, पण असतं. लोक वाचत नाहीत त्याला मी काय करणार?"

"तुम्ही वाचलेलं दिसतंय," बाई म्हणाल्या. "मिठाई घेऊन जा. इथे पेशंट बसतात."

ते गेले. दार बंद झाल्यावर बाई मला म्हणाल्या, "खिडकी उघड. आफ्टरशेव्ह आहे." पण त्यात नेहमीचा जोर नव्हता.

इथे खलनायकाची फजिती व्हायला हवी. ती झाली नाही. आरोग्य खात्याची माणसं आली, डबे घेऊन गेली, प्रश्न विचारून गेली. कंपनीने आधी डब्यावरची अक्षरं मोठी केली, मग हिरवं पान काढलं आणि मग गुपचूप तो स्प्रेच बंद केला. सतीशराव पाणी शुद्ध करायच्या यंत्रांकडे वळले. पुढच्या गणपतीत मंडळाने त्यांना शाल दिली, कारण मांडव त्यांनी प्रायोजित केला होता. टाळ्या वाजवणाऱ्यांत ते खोकणाऱ्या बायकोचे गृहस्थही होते. रेगेबाईंना त्या वर्षी मंडळाचं आमंत्रण आलं नाही. 'बाई फार टोचून बोलतात' असं कारण माझ्या कानावर आलं. बाईंना मी ते सांगितलं तर म्हणाल्या, "मग काय मऊ बोलू? मऊ बोलणारा मिठाई घेऊन येतो."

मृणाल बरी झाली, पण पूर्वीसारखी नाही. सईला उचलून जिना चढता यायचं नाही तिला. दर तीन महिन्यांनी चाचणीला यायची, केबिनमध्ये बसायची आणि मी बाहेरून ओरडायचे. आकडा थोडा वर गेलेला असला की ती काचेतून माझ्याकडे बघायची आणि मी अंगठा दाखवायचे. बाई आपल्या खोलीचं दार उघडं ठेवून बसलेल्या असायच्या. इतर पेशंटच्या वेळी त्या ते लावून घेत.

मी बाईंच्यात एकच बदल पाहिला. त्या नवीन पेशंटला वास विचारायच्या बंद झाल्या. त्याऐवजी विचारायच्या, "गेल्या महिन्यात घरात काय काय फवारलं, पुसलं, जाळलं, लावलं, मिसळलं? वास असो नसो. विकत आणलेलं, घरी केलेलं, कुणी भेट दिलेलं." पेशंट वैतागायचे. उत्तर मिळाल्यावर एकदा थांबून पुन्हा विचारायच्या, "माझं काय विचारायचं राहिलं?" असला प्रश्न रेगेबाईंच्या तोंडून ऐकून जुने पेशंट चमकून बघायचे. बाकी तिरस्कार होता तसाच होता. फक्त त्यातला एक वाटा त्यांनी स्वतःसाठी काढून ठेवला होता आणि त्याविषयी त्या कुणाशी बोलत नसत.

२००८ साली माझ्या नवऱ्याला प्लेनोला नोकरी मिळाली. बाईंनी निरोपसमारंभ वगैरे केला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, "टेक्सासात घरं अजून मोठी असतात. खिडक्या उघडतात का बघून घे," आणि आत पेशंट होता म्हणून निघून गेल्या.

सामान गेल्यावर दोन दिवस आम्ही एका मैत्रिणीकडे राहिलो होतो. निघण्याच्या सकाळी गाडीत पेट्रोल भरून परत येत होते. एका मोठ्या वसाहतीच्या तोंडाशी लाल सिग्नलला थांबले तर फुटपाथवर रेगेबाई. सलवार-कमीज, पायात पांढरे बूट, फिरायला निघालेल्या. समोरच्या बंगल्याचा मालक, बर्म्युडा घातलेला तांबूस गोरा माणूस, खांद्याला यंत्र लटकवून हिरवळीवरची पानं उडवत होता. यंत्रातून निळा धूर निघत होता आणि धूळ सगळ्या रस्त्यावर पसरत होती. बाई त्याच्यासमोर उभ्या राहून बोलत होत्या. गाडीची काच बंद होती, मला शब्द ऐकू येत नव्हते. त्यालाही येत नव्हते. त्याने कानांवर आवाज अडवणारे जाड बोळे लावले होते. तो हसून हात हलवत होता, म्हातारी गुड मॉर्निंग म्हणतेय अशा समजुतीने.

बाईंनी हात वर करून स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं. त्याने बोळे काढले, यंत्र बंद केलं. बाई बोलत राहिल्या. एकदा यंत्राकडे, एकदा त्याच्या छातीकडे, एकदा फुटपाथवरून बाबागाडी ढकलत येणाऱ्या एका मुलीकडे बोट दाखवून. त्याचं हसू हळूहळू गेलं. त्याने मान डोलावली. बाई वळल्या आणि चालायला लागल्या, सावकाश, पाठीत थोड्या वाकलेल्या.

बाई कोपऱ्यापर्यंत जाईस्तोवर तो माणूस वाट बघत उभा राहिला. मग त्याने बोळे लावले आणि दोरी ओढली. यंत्र सुरू झालं.

कोपऱ्यावर बाई थांबल्या. क्षणभर पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या. मागे कुणीतरी हॉर्न वाजवला; सिग्नल हिरवा झाला होता. मी गाडी काढली. आरशात दिसलं ते एवढंच की रेगेबाई परत फिरल्या होत्या आणि त्या माणसाच्या दिशेने निघाल्या होत्या.